पितळी वाट्या आणि खर्जाचा सूर

घरी बसून गाणे ऐकणाऱ्या रसिकांसाठी हल्ली बाजारात एक विलक्षण माल मिळतो. अंगठ्याएवढ्या धातूच्या वाट्या, भिंतीला चिकटवायच्या टिकल्या, चिमुकले लाकडी ठोकळे! ठराविक जागी ते लावले की ध्वनिक्षेपकांतला आवाज मोकळा होतो, असे सांगतात. काहींची किंमत चांगल्या तंबोऱ्याहून कमी नसते.

डिचोली तालुक्यातील मये गावी माझ्या एका स्नेह्यांकडे असा पाच वाट्यांचा संच आला. कौलारू, चिऱ्यांचे जुने घर जाऊन तेथे सिमेंटचे घर झालेले. वडिलांनी जमवलेल्या केसरबाई केरकरांच्या तबकड्या जुन्या घरात गोड लागत. नव्या बैठकीत तान भिंतीवर आपटून परत येऊ लागली. वाट्यांनीही गुण आला नाही, तर तबकड्या व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या, असे घरात ठरत आले होते. अल्लादियाखांसाहेबांच्या गायकीवर वाढलेल्या आम्हां कोल्हापूरकरांना हे कसे सोसावे?

दोष तबकड्यांचा नव्हता. जुन्या घरात कौलांच्या फटींतून आवाज निसटे, शेणाची जमीन आणि चटया थोडा गिळत. नव्या खोलीत वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, बाजूला काचा. आवाजाने जावे कोठे?

या प्रश्नाचे गणित वॉलेस सॅबिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाची दुरुस्ती त्याच्याकडे आली. तेथे शब्दाचा निनाद सुमारे साडेपाच सेकंद घुमे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या, आणि गाद्या वाढतील तसा निनाद घटतो हे मोजून दाखवले. आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाचे माप उघड्या खिडकीच्या क्षेत्रफळात धरतात.

मयेची बैठक ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. अशा रिकाम्या, टणक खोलीचे शोषण साधारण ५ चौरस मीटर खिडकीइतके. निनाद दोन सेकंदांच्या आसपास. पाच वाट्यांची तोंडे एकत्र केली तर पोस्टकार्डाएवढी खिडकीही होत नाही. उलट खोलीत येऊन बसणारा एक माणूसच सुमारे अर्धा चौरस मीटर आवाज शोषतो!

शिवाय खर्जाचा विचार करा. काळी एकचा षड्ज धरला तर तंबोऱ्याच्या खर्जाची लहर जवळजवळ ५ मीटर लांब असते. मयेच्या तळ्यात उभ्या काठीला लाट जशी न जुमानता पुढे जाते, तशीच ही लहर वाटीला ओलांडते. पोकळ भांडे आपल्या ठराविक स्वराला साद देते, हे खरे. प्राचीन रोममधील व्हिट्रुव्हियसने नाट्यगृहांत ठेवण्याच्या काशाच्या भांड्यांविषयी लिहूनही ठेवले आहे. पण खर्जासाठी भांडे मोठे हवे, आणि तेही एकाच स्वराच्या उपयोगी पडते.

तरी कानांनाही विचारावे, म्हणून मी एक उपाय सुचवला. आम्ही डोळे मिटून बसायचे. वहिनींनी मनास येईल तेव्हा वाट्या काढायच्या किंवा ठेवायच्या, आणि तीच तबकडी पुन्हा लावायची. आमची उत्तरे नाणेफेकीइतकीच बरोबर आली. मग आम्ही समोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या, भिंतीपासून चार बोटे पुढे टांगल्या, खाली सतरंजी अंथरली, ध्वनिक्षेपक कोपऱ्यातून ओढून पुढे घेतले. या वेळी डोळे मिटण्याची गरजच पडली नाही. खर्ज अजून थोडा घुमतो. त्याला पुस्तकांनी भरलेले खोल कपाट हवे. पण तान सुटी, स्पष्ट ऐकू आली. तबकड्या घरातच राहिल्या आहेत.

वाचकांनीही काही विकत घेण्यापूर्वी बैठकीच्या मधोमध एक टाळी वाजवून पाहावी. ती खणखणत राहिली, तर आधी घरातली गोधडी काढावी. तिला पैसे पडत नाहीत, आणि फरक पडला नाही तर ती पांघरता येते.