बोर्डावरची परतवारी

सांगलीकडच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याचं पत्र आलंय, सोबत दोन फोटो. त्याने शेतातल्या पंपासाठी टायमर बनवला. ब्रेडबोर्डवर तो महिनाभर बिनतक्रार चालला. मग त्याने कीकॅडवर पीसीबी काढला, बाहेरून पाच नग बनवून घेतले, पार्ट सोल्डर केले. आता पंपाचा स्टार्टर सुटला की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, दहातून सहा-सात वेळा. सर्किट तेच, पार्ट तेच, प्रोग्रॅम तोच, मग बिघडलं कुठे, असा त्याचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी त्याने जाता जाता लिहिलंय की ब्रेडबोर्डवर असताना रिलेला साठ वॉटचा बल्ब जोडला होता. निम्मं उत्तर इथेच मिळालं. बल्ब हा गरीब प्राणी, बंद केला की गप्प विझतो. स्टार्टरच्या कॉइलचा प्रवाह तोडला की ती मात्र चिडते, रिलेच्या पट्ट्यांमध्ये ठिणगी पडते, आणि त्या ठिणगीबरोबर काही नॅनोसेकंदांचे झटके सगळीकडे उडतात. उरलेलं निम्मं उत्तर फोटोत आहे.

बोर्ड दिसायला देखणा आहे. सगळे ट्रॅक ४५ अंशांत वळवलेले, कुठे काटकोन म्हणून नाही. १०० नॅनोफॅरडचे चार कपॅसिटर कडेला, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे एका ओळीत. आणि ग्राउंड? पाव मिलिमीटर रुंदीचा एक ट्रॅक सप्लायच्या टर्मिनलपासून निघतो, रिलेंना भेटतो, कडेकडेने गावभर फिरतो आणि शेवटी चिपपाशी पोचतो. लांबी साधारण २० सेंटिमीटर. सॉफ्टवेअरची तपासणी हा बोर्ड पास करणारच. जे बिंदू जोडायचे ते जोडलेत ना आणि जे सुटे ठेवायचे ते सुटे आहेत ना, एवढंच ती बघते. दोन गावांमध्ये रस्ता आहे इतकंच तिला कळतं; तो हमरस्ता आहे की पाणंद, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आषाढीला पालख्या पंढरपूरला जातात तेव्हा वाटेवरचं प्रत्येक गाव सजतं, पाण्याचे टँकर लागतात, छायाचित्रकार दिवेघाटात आदल्या दिवसापासून जागा धरून बसतात. गोपाळकाला झाला की त्याच पालख्या परत निघतात, थोड्याशा वारकऱ्यांसह, झपझप. या परतवारीचे फोटो पहिल्या पानावर सहसा येत नाहीत. पीसीबी काढणारा नवखा माणूस असाच वागतो. सिग्नल जाणार कुठून, हे तो तासन् तास आखतो. परत कुठून येणार, हे त्याच्या मनातही येत नाही. फरक एवढाच की विजेच्या वारीत जितके गेले तितके सगळेच्या सगळे परत येतात, एकही मागे राहत नाही. वाट ठेवली नाहीत तर ते स्वतःची वाट शोधतात, आणि ती तुमच्या चिपच्या अंगणातून जाते.

आता थोडं गणित. बोर्डावरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं. कारखान्यात त्याला 'एक औंस' म्हणतात, कारण एक औंस तांबं एक चौरस फुटावर सारखं पसरलं तर थर तेवढ्याच जाडीचा होतो. (जाडी वजनात मोजायची ही तऱ्हा मला फार आवडते.) या तांब्याच्या चौकोनाचा रोध अर्धा मिलिओहम असतो, चौकोन केवढाही घ्या. पाव मिलिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब ट्रॅक म्हणजे एकापुढे एक ठेवलेले ८०० चौकोन, म्हणजे ०.४ ओहम. पाच व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेते. दोन रिले धरले तर या ट्रॅकवर ५०-६० मिलिव्होल्ट पडतात. एवढ्याने चिपचा केसही वाकडा होत नाही.

पण प्रवाह झटक्याने बदलला की हिशेब पालटतो. बारीक ट्रॅकला दर मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे या ट्रॅकला २००. ठिणगीचा झटका समजा फक्त १०० मिलिअँपिअरचा आणि पाच नॅनोसेकंदांत चढणारा आहे. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं चार व्होल्ट. चिपला मिळणार पाच, आणि तिच्या पायाखालची जमीन हलते चार! तिने रीसेट होऊ नये तर काय करावं?

इंडक्टन्स हा शब्द आला की मला ऑलिव्हर हेविसाइड आठवतो आणि विषय भरकटतो. आजही भरकटू देतो, कारण हा शब्दच त्याचा आहे. इम्पीडन्सही त्याचाच. १८५० साली लंडनच्या कॅम्डन टाउनमध्ये गरीब घरात जन्मलेला, लहानपणच्या आजाराने ऐकू कमी येणारा हा माणूस एका तार कंपनीत कामाला लागला आणि चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसला. पुन्हा कधीही नोकरी केली नाही. मॅक्सवेलचा १८७३ सालचा ग्रंथ त्याने कॉलेजचं तोंड न पाहता स्वतः वाचून काढला, आणि आज आपण 'मॅक्सवेलची चार समीकरणं' म्हणून जी पाठ करतो ती त्या पसाऱ्यातून त्याने लिहून काढली.

ऊर्जा तारेच्या आतून वाहत नाही, तारेभोवतीच्या जागेतून वाहते आणि तार तिला फक्त वाट दाखवते, हेही त्याने मांडलं. पॉइंटिंगने ते स्वतंत्रपणे १८८४ मध्ये मांडलं होतं, म्हणून नाव त्याचं लागलं. १८८७ मध्ये हेविसाइडने दाखवलं की लांब तारेत मुद्दाम इंडक्टन्स वाढवला तर संदेशाचा आकार विस्कटत नाही. पोस्ट ऑफिसच्या तारखात्यातले मोठे अधिकारी विल्यम प्रीस यांचं मत होतं की इंडक्टन्स हा शत्रू आहे, आणि त्यांच्या विरोधामुळे हेविसाइडचं लेखन अडवलं गेलं. पुढे याच कल्पनेचं पेटंट अमेरिकेत मायकेल प्युपिनला मिळालं आणि पैसाही. हेविसाइड म्हातारपणी टॉर्कीमध्ये एकटा राहिला, घरात फर्निचरच्या जागी ग्रॅनाइटचे दगड आणून ठेवले, आणि सहीपुढे पदवीसारखी 'डब्ल्यू.ओ.आर.एम.' ही अक्षरं लावू लागला. सलग वाचलीत तर किडा.

त्याचा सांगलीच्या बोर्डाशी संबंध आहे, आणि तो सरळ आहे. पाव मिलिमीटरच्या ट्रॅकमधून एक अँपिअर वाहत असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम आठ मिलिमीटर सरकतात. मुंगी त्यांना सहज मागे टाकेल. सिग्नल मात्र फायबर-ग्लासच्या बोर्डावर एका नॅनोसेकंदात १५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. मग धावतं काय? धावतो तो ट्रॅक आणि त्याची परतीची वाट यांच्यामधल्या जागेतला विद्युत-चुंबकीय तरंग. पीसीबी काढणं म्हणजे या मधल्या जागेला आकार देणं. परतीची वाट दूर गेली की मधली जागा फुगते, इंडक्टन्स वाढतो, आणि तो फेरा अँटेना होऊन बसतो. बाहेरचा गोंगाट घेतोही आणि आतला बाहेर देतोही.

परतवारीची सोय कशी करायची? बोर्डाची खालची बाजू अख्खी ग्राउंडला देऊन टाका. सबंध तांबं, शक्यतो न कापलेलं. यातली गंमत अशी की वेगाने बदलणारा परतीचा प्रवाह त्या मैदानात पसरत नाही, तो वरच्या ट्रॅकच्या बरोबर खालून, वळणावळणाने, त्याची सावली होऊन येतो. १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डावर त्यातला सुमारे ८० टक्के भाग ट्रॅकच्या दोन्ही अंगांना पाच-पाच मिलिमीटरच्या पट्ट्यात मावतो. तुम्हाला काही आखावं लागत नाही. मात्र त्या मैदानात आडवा चर खणू नका. एखादा ट्रॅक खालच्या बाजूने न्यावाच लागला तर तो लहानशा उडीपुरता ठेवा. बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खालून ट्रॅक ओढला की वरच्या सगळ्या सिग्नलच्या सावल्यांना वळसा पडतो. घरी एकाच बाजूचा बोर्ड एच करणाऱ्यांनीही उरलेली सगळी जागा ग्राउंडने भरावी. फेरिक क्लोराइडही कमी लागतं. त्याचे डाग शर्टावरून जात नाहीत, हे मी माझ्या एका चांगल्या पांढऱ्या शर्टाच्या जिवावर सांगतो.

दुसरी गोष्ट कपॅसिटरची. दारात तहानलेला पाहुणा आला तर आपण विहिरीवर जात नाही, माठातलं पाणी देतो. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हा चिपचा माठ. तो चिपच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या पायांना खेटून, दोन-तीन मिलिमीटरवर हवा, आणि ग्राउंडला जाणारं व्हाया त्याच्या पॅडलगत. आठ सेंटिमीटरवर ओळीत उभे केलेले माठ शोभेचे. तेच रिलेच्या डायोडचं. तो कॉइलच्या पायांवरच पाहिजे, कारण कॉइल सोडल्यावरचा प्रवाह त्या दोघांपुरत्या छोट्या फेऱ्यात फिरून विरायला हवा.

काटकोनांचं काय? नवख्यांना पहिला उपदेश याचाच मिळतो, जणू कोपऱ्यावर इलेक्ट्रॉन गाडीसारखे घसरतात. मुंगीच्या मागे पडणारा घसरेल कसा? कोपऱ्यातल्या जादा तांब्याचा परिणाम असतो, पण अशा बोर्डाच्या वेगाला तो मोजायला गेलात तरी सापडणार नाही. ४५ अंश बरे दिसतात, जागा वाचते, जरूर करा. फक्त त्यात गेलेली संध्याकाळ ग्राउंडला दिली असती तर हे पत्र आलं नसतं.

आणि ऑटोराउटर? बटण दाबा, बोर्ड तयार, ही जाहिरात मी विद्यार्थी असल्यापासून पाहतोय. हल्ली तिच्यात 'एआय' हा शब्द आला आहे. ट्रॅक जोडून मिळतात हे खरं. पण खरं काम त्याच्या आधीच, पार्ट कुठे ठेवायचे ठरवताना झालेलं असतं. पंपाच्या तारा येणार ती बाजू रिलेंची, चिप विरुद्ध टोकाला, सप्लाय दोघांच्या मध्ये. २३० व्होल्टचे ट्रॅक आणि बाकीचं तांबं यांत सहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतर नको, आणि ग्राउंडचं मैदान त्या हद्दीच्या अलीकडेच थांबवा. नकाशा झाला की एकास एक मापाने कागदावर छापा आणि त्यावर खरे पार्ट ठेवून बघा. टर्मिनलचा स्क्रू रिलेच्या आड येतो हे पडद्यावर दिसत नाही, कागदावर दिसतं.

या सगळ्याच्या मुळाशी छपाईच आहे. पॉल आइस्लर हा १९०७ साली व्हिएन्नात जन्मलेला इंजिनिअर ज्यूद्वेषाला कंटाळून १९३६ मध्ये लंडनला आला. छापलेलं सर्किट असलेला रेडिओ त्याने एका कंपनीला दाखवला, तर उत्तर मिळालं की तारा जोडायला मुली स्वस्तात मिळतात. त्याचं पेटंट १९४३ सालचं. महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किटं वापरली तेव्हा कुठे जगाला त्यांची किंमत कळली. आइस्लरच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. हेविसाइडला जोडीदार मिळाला म्हणायचा.

आता विद्यार्थ्याच्या हातातल्या पाच बोर्डांचं. ते फेकू नकोस. सप्लायच्या ग्राउंड टर्मिनलपासून चिपच्या ग्राउंड पायापर्यंत जाड तार मागच्या बाजूने सरळ, जवळच्या वाटेने सोल्डर कर, आणि रिलेंच्या ग्राउंडसाठी त्याच टर्मिनलपासून वेगळी तार टाक. चिपजवळ जुना ट्रॅक ब्लेडने कापून टाक, म्हणजे रिलेची परतवारी तिच्या दारातून जाणार नाही. प्रत्येक रिलेच्या कॉइलच्या पायांवर मागून एक-एक डायोड बसव, दिशा तपासून. चिपच्या पायांवर थेट एक १०० नॅनोफॅरड. आणि स्टार्टरच्या कॉइलला समांतर १०० ओहमचा रेझिस्टर व ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर, एकापुढे एक जोडून, म्हणजे ठिणगीच नरमेल. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर नेहमीचा एक्स-२ चालणार नाही, ४४० व्होल्ट एसीचा माग. हे जोडताना मेन स्विच बंद, आणि किटकॅट फ्यूज काढून खिशात.