पिसवांचे बिऱ्हाड

ज्या घरात कुत्रे नाही की मांजर नाही, त्या घरात पिसवा होणे शक्य नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून अशा घरात पिसवा चावू लागल्या की घरची माणसे प्रथम अचंब्यात पडतात आणि मग शरमून जातात. मुलांच्या पायांवर लाल गांधी उठतात, रात्रीची झोप उडते, आल्यागेल्याला सतरंजीवर बसा म्हणण्याची चोरी होते. आणि लोक काय म्हणतील या भयाने ही गोष्ट कोणापाशी बोलवतही नाही. वास्तविक यात शरमेसारखे काही नाही. सावध होण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. पाळीव जनावर नसलेल्या घरातील पिसू ही बहुधा एखाद्या न दिसणाऱ्या पाहुण्याची खूण असते. तो पाहुणा कोण, हे ओळखल्यावाचून केलेला उपाय कधी व्यर्थ जातो, तर कधी अपायकारकही ठरतो.

प्रथम शत्रूची ओळख पटली पाहिजे. पिसू आणि ढेकूण यांत पुष्कळदा गल्लत होते. ढेकूण वरून खाली दाबल्यासारखा चपटा असतो. तो चालतो, उडी मारीत नाही, आणि दिवसा खाटेच्या सांध्यांत दडून बसतो. पिसू दोन्ही कुशींनी दाबल्यासारखी चपटी असते. तिची लांबी दीड ते तीन मिलिमीटर, रंग तांबूस काळा. तिला पंख नसतात. परंतु मागच्या पायांच्या बळावर ती आपल्या उंचीच्या कित्येक पट उडी घेते. ती जमिनीलगत राहत असल्याने तिचे दंश मुख्यतः घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर, दोन-तीन जवळजवळ असे दिसतात. शंका असल्यास पांढरे मोजे चढवून खोलीतून सावकाश फिरावे; पिसवा असतील तर काळे ठिपके मोज्यांवर चढलेले दिसतात. रात्री जमिनीवर लहानसा दिवा ठेवून त्याच्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली, तर उजेडाकडे आणि उबेकडे ओढल्या गेलेल्या पिसवा तीत बुडून मरतात. या युक्तीने घर पिसवामुक्त होत नाही. पण त्या कोणत्या खोलीत किती आहेत, याचा अदमास येतो.

पिसवांचा बंदोबस्त कठीण का, हे कळण्यासाठी त्यांचा जन्मक्रम ध्यानात घ्यावा लागतो. मादी यजमान प्राण्याच्या अंगावर किंवा त्याच्या बिळात अंडी घालते. ही अंडी चिकट नसतात. प्राणी जिथे निजतो, बसतो, अंग झाडतो, तिथे ती मिठाच्या कणांसारखी गळून पडतात. काही दिवसांत त्यांतून बारीक, पांढुरक्या अळ्या निघतात. अळी कोणालाही चावत नाही. मोठ्या पिसवांच्या विष्ठेतून पडलेले वाळके रक्त आणि धुळीतील सेंद्रिय कण खाऊन ती वाढते. उजेड चुकवून फरशीच्या फटीत, भिंतीच्या कडेला, जाजमाच्या तळाशी शिरते. पुढे ती रेशमासारखा धागा काढून स्वतःभोवती कोश विणते. कोशाला धूळ आणि रेती चिकटते, त्यामुळे तो केराच्या कणाहून वेगळा ओळखता येत नाही. घरात उड्या मारणाऱ्या ज्या पिसवा दिसतात, त्या एकंदर संख्येचा अगदी अल्प अंश होत. बाकीचा सारा पसारा अंडी, अळी आणि कोश या रूपांनी धुळीत पडलेला असतो.

यांत सर्वांत चिवट अवस्था कोशाची. कोशातील पिसू पूर्ण वाढ झाल्यावरही लगेच बाहेर येत नाही. जवळपास रक्ताचा प्राणी असल्याची चाहूल लागेपर्यंत ती आत महिनोन्महिने थांबू शकते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातून निघणारा कर्बद्विप्राणिल वायू ही तिची चाहूल. महिनोन्महिने कुलूपबंद राहिलेले घर उघडताच पहिल्याच दिवशी पिसवांची झुंबड का उडते, याचे उत्तर येथे आहे. बदलीच्या नोकरीमुळे इंदूरहून दिल्लीला किंवा नागपूरहून हैदराबादला बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव पुष्कळदा येतो. आधीच्या रहिवाशांचे कुत्रे त्यांच्याबरोबर गेलेले असते. त्याच्या पिसवांची नवी पिढी मात्र फरशीच्या फटींत नव्या भाडेकरूची वाट पाहत असते. नव्या कुटुंबाला वाटते की आपल्याच सामानातून ही पीडा आली. प्रत्यक्षात त्यांच्या पावलांनी फक्त झोपलेल्यांना जागे केलेले असते.

परंतु प्रत्येक वेळी उगम इतका निरुपद्रवी नसतो. माळ्यावर एखादी भटकी मांजर व्याली असेल. जिन्याखाली रस्त्यावरचे कुत्रे निजत असेल. किंवा कोठीच्या खोलीत, छपराच्या वळचणीला, मोरीच्या नळाशी उंदरांनी बिळे केली असतील. पाळीव जनावर नसलेल्या घरात या शेवटच्या शक्यतेचा विचार सर्वांआधी व्हावा. कारण उंदराच्या पिसवेचा आणि या देशाचा संबंध केवळ खाजेपुरता राहिलेला नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढील काही दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आरंभीच्या काळात रोग्याची वस्त्रे, घरातील कोंदट हवा, जमीन, धान्य अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला. घरे धुतली गेली, छपरे उघडली गेली, सामान जाळले गेले. तरी साथ हटेना. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक प्रयोग केला. प्लेगने आजारी झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर त्याने काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा, निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून फक्त पिसवा येऊ-जाऊ शकत होत्या. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमाँच्या या निष्कर्षाकडे समकालीनांनी संशयाने पाहिले. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग-संशोधन मंडळाने कसून प्रयोग केले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या गेल्या. पिसवांच्या उडीपलीकडे उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी बचावतात, जमिनीवरचे मरतात, असेही दिसून आले. तेव्हा कोठे सिमाँचे म्हणणे सर्वमान्य झाले.

या संशोधनातून निघालेला एक धडा आजच्या गृहस्थालाही उपयोगी आहे. उंदीर जिवंत आहे तोवर त्याची पिसू सहसा त्याला सोडीत नाही. तो मरून थंड पडू लागला की ती नवा यजमान शोधते, आणि जवळ दुसरा उंदीर न सापडल्यास माणसाकडे वळते. म्हणजे घरात पिसवा असताना विष घालून एकदम उंदीर मारले, तर पिसवांचा उपद्रव कमी होण्याऐवजी वाढतो. आधी पिसू, मग उंदीर, हा क्रम उलटता कामा नये.

हा धोका केवळ इतिहासजमा झालेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांच्या उपद्रवाची तक्रार झाली. उंदीर मरू लागल्याचे दिसले. आणि त्यामागोमाग गाठीच्या तापाचे संशयित रुग्ण आढळले. भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असे कारण तेव्हा सांगण्यात आले. क्रम येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे: प्रथम पिसू, मग उंदीर, मग माणूस. घरातील प्रत्येक पिसू प्लेग आणते असे मुळीच नाही. बहुतेकींकडून खाजेपलीकडे काही होत नाही. तथापि घरात किंवा आळीत एकाएकी उंदीर मरून पडू लागले, किंवा पिसवा चावल्यानंतर कोणाला जोराचा ताप आला, काखेत अथवा जांघेत गाठ उठली, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे आणि नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या आरोग्याधिकाऱ्याला कळवावे. आज प्लेगवर गुणकारी प्रतिजैविके आहेत. मात्र त्यांचा गुण वेळेवर दिल्यानेच येतो.

आता प्रत्यक्ष उपाय. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे धूळ काढणे, कारण पिसवांची पुढची पिढी धुळीतच असते. खाटा, पेट्या, कपाटे भिंतीपासून ओढून घ्यावीत. भिंतीच्या कडा, फरशीचे सांधे, उंबऱ्याखालची फट यांतला कचरा खरवडून काढावा. कोरडा केर काढताना धूळ उडते आणि अंडी इतरत्र पसरतात. म्हणून आधी पाण्याचा हलका शिपका द्यावा. निघालेला केर घरातल्या टोपलीत न ठेवता साबणाच्या पाण्यात टाकावा किंवा पिशवीत घट्ट बांधून लगेच बाहेर न्यावा. ज्यांच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर आहे त्यांनी तो अवश्य वापरावा. त्याच्या थरथरीने कोशातल्या पिसवाही बाहेर येतात. त्यातील पिशवी मात्र प्रत्येक वेळी घराबाहेर रिकामी करावी. मातीच्या जमिनीला भेगा पडल्या असतील तर त्या लिंपून जमीन सारवावी. फरशीचे सांधे सिमेंटने भरावेत.

दुसरा उपाय धुणे आणि वाळविणे. चादरी, अभ्रे, पायपुसणी, पडदे कढत पाण्यात धुवावेत. गोधड्या, गाद्या आणि सतरंज्या कडक उन्हात घालून दोन्ही अंगांनी उलटाव्यात. अळीला दमट हवा लागते; कोरड्या हवेत आणि उन्हात ती सुकून मरते. पावसाळ्यात पिसवा फोफावतात त्याचेही कारण हेच. म्हणून दारे-खिडक्या उघडून घरात वारा आणि ऊन खेळू देणे हे स्वतःच एक औषध आहे.

तिसरा उपाय कीटकनाशकाचा. एके काळी डीडीटीची भुकटी रामबाण समजली जाई. परंतु तिला दाद न देणाऱ्या पिसवा निपजल्या, आणि आता घरात ती वापरण्याचे कारण उरलेले नाही. आज परमेथ्रिनसारखी औषधे वापरतात. त्यांच्या जोडीला मेथोप्रिन किंवा पायरिप्रॉक्सिफेन हे वाढ रोखणारे द्रव्य असले, तर अंड्यांचा आणि अळ्यांचाही बंदोबस्त होतो. फवारणी जाणकार माणसाकडून करवावी. औषध वाळेपर्यंत मुलांना खोलीत येऊ देऊ नये. भांडी आणि धान्य झाकून ठेवावे. शेतावरची कीटकनाशके घरात फवारणे आणि जमिनीवर रॉकेल शिंपडणे हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात.

फवारणीनंतर काही दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या म्हणजे पुष्कळ लोक निराश होतात, औषध खोटे निघाले म्हणतात आणि दुप्पट फवारतात. नाहीतर खोलीला कुलूप लावतात. दोन्ही गोष्टी चूक. कोशाच्या आत औषध पोचत नाही. दिसणाऱ्या पिसवा कोशांतून नव्याने निघालेल्या असतात. खोली बंद ठेवली तर त्या आत दबून राहतात. वावर ठेवला तर बाहेर येतात आणि फवारलेल्या जमिनीवर मरतात. म्हणून रोजचा वावर आणि एक दिवसाआड झाडलोट दोन-चार आठवडे चालू ठेवावी. या कामात जोराहून चिकाटी अधिक उपयोगी पडते.

पिसवा आटोक्यात आल्यावर उंदरांकडे वळावे. धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे, खरकटे रात्रभर राहू देऊ नये, अडगळ काढून टाकावी, सापळे लावावेत. बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवावीत. मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. माळ्यावर मांजर व्याली असेल तर पिल्ले चालती झाल्यावर तिची वाट बंद करावी आणि ती जागा धुऊन काढावी. चाळीत किंवा जोडघरांत हे काम एका बिऱ्हाडाने करून भागत नाही. उंदराला भिंतीपलीकडचे घर वेगळे वाटत नाही. पिसवा झाल्याची गोष्ट शेजाऱ्यापासून लपविण्यापेक्षा त्याला सांगून दोन्ही घरांची झाडलोट एकाच दिवशी करणे, यातच दोघांचे हित आहे.