सायकलीची वाट

सायकलीच्या संदर्भात नाशिकचं नाव निघालं, की २०१५ साल आठवतं. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी त्या वर्षी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. गावाला अभिमान वाटला, तो रास्तच होता. पण आज बोलायचं आहे ते निराळ्या सायकलस्वारांविषयी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, कॅरिअरला दप्तर लावून शाळेला निघालेली मुलगी. यांना अमेरिका ओलांडायची नाही. द्वारका चौक ओलांडायचा आहे.

एके काळी आपल्या गावांतून सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला, की पोलीस अडवीत. म्हणजे सायकल हे वाहन आहे, हे सर्वांना मान्य होतं. पुढे मोटारी वाढल्या आणि सायकल कडेला, कडेवरून गटारापाशी गेली.

धोका कशात आहे, ते पाहू. वाहनाचा वेग दुप्पट झाला, की त्याच्या धडकेतली शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. तेव्हा ताशी ३० किलोमीटरच्या गल्लीत सायकल आणि मोटार एकत्र नांदू शकतात. ताशी ६० च्या हमरस्त्यावर नाही. म्हणून जुन्या नाशकातल्या बोळांना वेगळा सायकलमार्ग नको, तिथे वाहनांचा वेग आवरला म्हणजे पुरे. त्र्यंबक रस्त्यासारख्या मोठ्या रस्त्यावर मात्र मध्ये कठडा घालून सायकलीला स्वतंत्र वाट हवी. नुसता रंगाचा पट्टा ओढून भागत नाही. त्यावर संध्याकाळपर्यंत गाड्या उभ्या राहतात.

दुसरी गोष्ट चौकाची. सरळ रस्त्यावर सांभाळलेला सायकलवाला चौकात सापडतो. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला आपल्या डाव्या अंगाची सायकल दिसतच नाही. उपाय साधा आहे. सिग्नलला सायकलींची थांबण्याची रेघ इतर वाहनांच्या पुढे आखावी आणि चौकाचा कोपरा असा बांधावा, की वळताना ट्रकला वेग कमी करावाच लागेल. गटाराच्या जाळीच्या पट्ट्याही चाकाला आडव्या बसवाव्यात. उभ्या बसवल्या, तर चाक त्यांत रुततं.

आपण म्हणाल, रस्ते आधीच अरुंद, सायकलीला जागा कुठली? इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गाची मानकं १९६२ सालीच प्रसिद्ध केली. त्यांत किमान रुंदी दोन मीटर सांगितली आहे. रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारींची एक रांग जवळजवळ तेवढीच जागा अडवते. तेव्हा प्रश्न जागेचा नाही, ती कुणाला द्यायची याचा आहे.

नाशकात स्मार्ट सिटी योजनेत त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या ११०० मीटरच्या रस्त्यावर सायकलची वेगळी पट्टी आखली गेली. सुरुवात म्हणून ठीक. पण घरापासून कारखान्यापर्यंत वाट सलग नसेल, तर मधला तुकडा कामाचा नाही. नदीवर अर्धाच पूल बांधला, तर त्यावरून कोण जाईल?

हॉलंडचं उदाहरण लोक देतात. तिथेही हे आपोआप झालं नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेंवर मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, पाठोपाठ १९७३ ची तेलटंचाई आली, आणि मग सायकलमार्ग बांधले गेले.

नाशिकला दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते नव्याने बांधण्याची संधी येते. २०१५ नंतरचा पुढचा सिंहस्थ २०२७ चा. रस्ता उकरलेला असताना कठडा घालणं स्वस्त पडतं. डांबर पडल्यावर तेच काम महाग होतं, आणि मग पुढच्या पर्वणीपर्यंत राहून जातं. आज शाळेत जाणारी मुलगी तोवर थांबणार नाही. तिला उद्या सकाळीच तो चौक ओलांडायचा आहे.