गडग्यावरचा पांगारा

कोंकणांतील आमच्या घराच्या गडग्याला लागून एक पांगारा आहे. खोड काटेरी, लांकूड हलकें, उन्हाळ्याच्या तोंडीं सावली नाहीं. म्हणून यंदां मामंजींनीं तो तोडण्याचें मनांत आणलें. मुलें हिरमुसलीं. तेव्हां फाल्गुनांतल्या एका सकाळीं त्यांना घेऊन मी झाडाखालीं बसलें.

पान एकही नव्हतें. फांद्या मात्र लालभडक फुलांनीं पेटल्या होत्या. मैना, बुलबुल, कोतवाल, कावळेदेखील फुलांतील रसासाठीं लोटले होते. रस पितांना पराग त्यांच्या डोक्याला लागतात व दुसऱ्या फुलापर्यंत पोंचतात; अशा रीतीनें पांगाऱ्याला शेंगा धरतात. ओढे आटूं लागले असतां पातळ, गोड रसाचें हें जणूं पक्ष्यांचें अन्नछत्रच!

मुलांनीं आजोबांना हात धरून आणलें. त्यांनींही बराच वेळ मान वर करून पाहिलें.

"आजोबा, आपल्या मिरीचा वेल कोणाच्या आधारानें चढला आहे?" धाकटीनें विचारलें.

मामंजी हंसले. कुऱ्हाड पडवींतच राहिली.

भगिनींनो, एखादें झाड निरुपयोगी ठरविण्यापूर्वीं एक सकाळ त्याच्याखालीं अवश्य बसावें.