श्वानांतील हृदयकृमी : आधी रक्ततपासणी, मगच औषध

डासांच्या दंशातून पसरणारा हृदयकृमी श्वानाच्या हृदयात आणि फुफ्फुसाच्या धमन्यांत वाढतो. भारतात ईशान्येकडील राज्यांत त्याचा प्रादुर्भाव आढळतो.

दरमहा दिले जाणारे प्रतिबंधक औषध कृमीच्या अळ्या मारते, प्रौढ कृमी नव्हे. म्हणून मोठ्या श्वानाची आधी रक्ततपासणी करावी. संसर्ग असताना औषध दिल्यास तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते.

मात्राही तितकीच महत्त्वाची आहे. आयव्हरमेक्टिनची प्रतिबंधक मात्रा १० किलो वजनाच्या श्वानासाठी सुमारे ६० मायक्रोग्रॅम असते; गुरांसाठीच्या १ टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये मात्र १०,००० मायक्रोग्रॅम औषध असते. ते अंदाजाने दिल्यास जीवघेणी विषबाधा संभवते. जनुकीय दोषामुळे कोली जातीच्या श्वानांत हा धोका अधिक असतो. त्यामुळे वजन करून, पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच औषध निवडावे.