पंखा फिरतो, धूळही फिरते

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाईट लावावी लागते. समोरच्या इमारतीची भिंत जेमतेम ३ मीटरवर! खिडकी उघडली तर गल्लीतली घाण आत, बंद ठेवली तर घरातली धूळ घरातच. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावे. आणि वर ऐकायचे काय, तर 'या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही'. आमच्या आयाबहिणी दोनदा झाडू मारतात, तरी दोष त्यांनाच!

ही धूळ सगळी रस्त्यावरची नसते. गोधड्यांचे धागे, अंगाची झडलेली त्वचा, चुलीवरच्या फोडणीचा धूर, सगळे तिच्यात असते. हवेला आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरी वाट असली तर बारीक कण निघून जातात. एकाच खिडकीच्या खोलीत छताचा पंखा तीच हवा घुसळत बसतो.

हे आजचे शास्त्र नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याने ६३.५ अंशांचा नियम धरला. म्हणजे इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा तरी समोर मोकळी हवी. याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. ती चाळ काही महाल नव्हती. पण गोऱ्या सरकारला कळलेला हिशेब स्वराज्यात कसा हरवला? २० मीटर उंच इमारतीपुढे १० मीटर हवेत. प्रकल्पग्रस्तांच्या वाट्याला ३ आले. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ च्या अभ्यासाने अशाच वसाहतींतल्या कोंदट घरांचा संबंध क्षयरोगाशी जोडला.

तोवर घरात जमेल ते करावे. आधी ओला फडका, मग झाडू. रस्त्याची वर्दळ कमी असताना दार व खिडकी एकदम उघडावी. खिडकीपुढचे कपाट हलवावे, जाळी आणि पंख्याची पाती पुसावीत. ओट्यावर एक्झॉस्ट पंखा बसवला तर दाराखालची फट बुजवू नये, नाहीतर तो ओढणार काय? वंदनेच्या अगरबत्त्याही खिडकीजवळ लावाव्यात. राग मानू नये.

पुनर्विकासाच्या बैठकीत लिफ्ट आणि फरशीचा रंग दाखवतील. समोरची इमारत किती मीटरवर आणि खोलीला खिडक्या किती, हे सहीच्या आधी लेखी घ्या.