मिठाच्या पाण्यातला संसार

मीठ हे टिकवण्याचे साधन, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावतात, पावसाळ्याच्या बेगमीला मासे खारवतात. मीठ पदार्थातले पाणी ओढून घेते, तसे त्यावर वाढू पाहणाऱ्या जंतूंच्या अंगातलेही. मग बहुतेक जंतूंना तिथे संसार मांडता येत नाही. पण यातला ‘बहुतेक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दमट हवेत खारवलेल्या माशावर कधीकधी गुलाबी-लाल डाग पडतात. असा मासा टाकूनच द्यावा लागतो. गंमत अशी, की मासा टिकावा म्हणून लावलेल्या मिठाबरोबरच हे जंतू घरात आलेले असतात!

त्यांचे माहेर मिठागरात. पावसाळा सरला की भरतीचे पाणी मिठागरात घेतात. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ते फिरवत नेतात आणि ऊन-वाऱ्याने ते आटत जाते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ धरू लागते तेव्हा ते पाणी आटून दहाव्या हिश्शावर आलेले असते. उरण भागातली मिठागरे मी ऐन उन्हाळ्यात पाहिली आहेत. पहिल्या वाफ्यांतले पाणी खाडीसारखे मळकट हिरवे, तर पुढच्या काही वाफ्यांत तांबूस झाक. तो रंग मातीचा असेल असे पाहणाऱ्याला वाटते. पण असा रंग पुष्कळदा जिवंत असतो.

मधल्या वाफ्यांत राहते आर्टेमिया. ही कोळंबीची दूरची नातलग, लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. हिला तीन डोळे, पायांच्या अकरा जोड्या, आणि पोहते ती उताणी. अंगात शिरलेले मीठ ती सतत बाहेर टाकत राहते. एवढा खटाटोप कशासाठी? साध्या समुद्रात मासे तिला सुखाने जगू देत नाहीत. इतक्या खारट पाण्यात मात्र मासाच येत नाही. म्हणजे खारेपणा हीच तिच्या घराची तटबंदी. पाणी फारच आटू लागले की ती कवचाची अंडी घालते. वाळूच्या कणाएवढी ही अंडी कोरडी पडून वर्षानुवर्षे थांबतात आणि योग्य खारट पाणी मिळाले की दीड-दोन दिवसांत त्यांतून पिल्ले निघतात. १९७२ साली अपोलो यानांतून ही अंडी चंद्राची फेरी करून आली आणि त्यांतल्या कित्येकांतून नंतर पिल्ले निघाली. कोळंबीच्या बीजकेंद्रांत ही पिल्ले बाळकोळंबीचे खाद्य म्हणून वापरतात.

या जिवांचे मिठाशी देणे-घेणेही आहे. आर्टेमिया पाण्यातले शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवते. शेवटच्या वाफ्यांतले लाल सूक्ष्मजीव पाण्याला रंग देतात. गडद पाणी ऊन अधिक शोषते आणि लवकर आटते. आपल्या ताटातल्या पांढऱ्या चिमटीमागे असे न दिसणारे मजूर राबलेले असतात.

हाच लाल रंग २०२० च्या जूनमध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर एकाएकी गुलाबी झाले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचे हे काम असल्याचे दिसले. पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि त्यांना सुगीचे दिवस आले होते.

यातल्या कित्येक सूक्ष्मजीवांच्या पेशी गोड्या पाण्यात टाकल्या तर फुटून जातात. आपल्याला जे अमृत, ते त्यांना विष! उलट आपण ज्याला ओसाड, खारट जमीन म्हणतो, ते त्यांचे भरलेले घर. २०२४ मध्ये मुंबईतली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घरबांधणीसाठी देण्यास केंद्राने मान्यता दिली. माणसांना घरे हवीत, यात दुमत नाही. झोपडीत दिवस काढणाऱ्याला आर्टेमियाची कथा सांगून त्याचे समाधान होणार नाही. पण ही जमीन ‘पडीक’ आहे, हे कारण मला पटत नाही. तिथे भरतीचे आणि पावसाचे पाणी पसरायला जागा मिळते, पाणपक्षी उतरतात, आणि आगरी माणसांनी पिढ्यान् पिढ्या तिथे मीठ पिकवले आहे.

कडक ऊन, कोरडेपणा, अंतराळाचा प्रवासही सोसणाऱ्या या जिवाला एक गोष्ट सोसत नाही. वाफ्यावर मातीचा भराव पडला, की त्याची अंडी वाट पाहत राहतात. पण खारे पाणी पुन्हा येत नाही. जमिनीचा हिशेब मांडताना हे एक घरही त्यात धरायला हवे.